महेश्वरी साड्यांचे फोटो आणि रांगणारी साइट: होस्टिंग बदलण्याआधी हे करा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंदूरला लोकमान्यनगरातून, घरूनच महेश्वरी साड्या विकता. साइट वर्डप्रेसवर आहे, दुकान वूकॉमर्सचं, एका पानावर २४ साड्या. काही फोटो तुम्ही आयफोनवर काढलेत, काही महेश्वरच्या विणकरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकांच्या फोनवर पान उघडता उघडत नाही, गूगलच्या पेजस्पीड या वेग-चाचणीत आकडा लाल आहे आणि साइट बनवणारा मुलगा होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, मोठी घ्या म्हणून मागे लागलाय. फोटो दाबले की जरीची मजा जाते, अशी तुमची तक्रार. म्हणून मूळ फाइलच जशीच्या तशी चढवता.

होस्टिंगचं आधी निकालात काढू. संगणकावर क्रोममध्ये तुमचं पान उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्कवर जा आणि पान पुन्हा लोड करा. यादीतली अगदी पहिली ओळ म्हणजे पानाचा मजकूर. तिच्यावर क्लिक करून टायमिंगमध्ये सर्व्हरने पहिलं उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते बघा. ८०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर गूगलच्या मापानेही सर्व्हर ठीक आहे. मी तुमच्या पानावर पाहिलं, तो आकडा याच्या बराच खाली आहे. खालच्या सगळ्या लांबलचक पट्ट्या फोटोंच्या आहेत. मोठं होस्टिंग घेतलंत तरी गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत तेवढेच एमबी जाणार. ते पैसे तूर्त वाचवा.

आता खरं दुखणं. तुमचा एक फोटो ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा, म्हणजे साधारण १ कोटी २२ लाख पिक्सेल, आणि फाइल सरासरी साडेचार एमबी. तो दिसतो किती मापात? फोनवर एका ओळीत दोन साड्या, प्रत्येकीची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात १८०. बऱ्याच फोनच्या पडद्यावर ब्राउझरच्या एका पिक्सेलमागे खरे तीन पिक्सेल असतात, म्हणून १८० चे झाले ५४०. अगदी सढळ हाताने मोजलं तरी त्या चौकटीला ५४० बाय ७२० पुरे. ते होतात ३ लाख ८९ हजार पिक्सेल. म्हणजे गरजेच्या एकतीसपट माल तुम्ही पाठवताय. ब्लाउजपीस मागणाऱ्या बाईला अख्खा तागा कुरिअर करून ‘लागेल तेवढं कापून घ्या’ म्हणण्यातला हा प्रकार.

२४ साड्या गुणिले साडेचार एमबी म्हणजे १०८ एमबी. गिऱ्हाइकाचा फोन सेकंदाला एक एमबी उतरवत असेल, आणि गर्दीच्या वेळी आपल्या इंदूरच्या राजवाड्याजवळ उभं राहून तेवढंही मिळालं तरी नशीब, तर पान पूर्ण यायला १०८ सेकंद. हेच फोटो ५४० रुंदीचे, प्रत्येकी ९० केबीच्या आसपास केले, तर सगळे मिळून दोन एमबीच्या किंचित वर. तिथे दोन-अडीच सेकंदांत काम होतं. या हिशेबात मी अजून फॉरमॅट बदललेला नाही. बहुतेक फरक नुसतं माप कापल्याचा.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फाइल कितीही दाबलेली असो, दाखवताना ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट लागतात. तुमच्या एका मूळ फोटोला त्यामुळे जवळपास ४९ एमबी मेमरी लागू शकते. ब्राउझर काही वेळा यातून पळवाट काढतो, पण स्वस्तातल्या फोनवर पान खाली सरकवताना जे अडखळतं ते बऱ्याचदा यामुळे. एखाद्या टूलने साडेचार एमबीचा फोटो दाबून ६०० केबी केला, पण ३०२४ बाय ४०३२ तसेच ठेवले, तर फाइल लहान दिसते आणि फोनचे हाल तेच राहतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पिक्सेल, मग क्वालिटी, फॉरमॅट सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात, ‘वेबपी (फोटोचा एक हलका फॉरमॅट) करून घेतलं, तरी फरक नाही’ म्हणतात आणि नाद सोडतात.

आता वर्डप्रेस असताना असं व्हायलाच कसं लागलं? तो स्वतः छोट्या प्रती बनवतो. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून तो ब्राउझरला वेगवेगळ्या मापांची यादी देतो आणि ब्राउझर पडद्याप्रमाणे त्यातली निवडतो. २०१९ च्या ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठी बाजू असलेला फोटो तो आपणहून खाली आणतो. तुमच्या साइटवर ही २५६० ची मर्यादा बंद केलेली आहे, बहुधा ‘क्वालिटी जाते’ या तुमच्याच तक्रारीवरून. शिवाय साड्यांची मांडणी पेज बिल्डरच्या (पान मांडायच्या प्लगिनच्या) अशा ब्लॉकमध्ये आहे की तो प्रत्येक फोटो चौकटीची पार्श्वभूमी म्हणून लावतो. घोडं पेंड खातंय ते इथे. पार्श्वभूमीच्या फोटोला मापांची यादी मिळत नाही, ब्राउझरचं लेझी लोडिंगही (फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं) मिळत नाही. दिलेली फाइल निमूट उतरवायची, एवढंच ब्राउझरच्या हातात उरतं.

त्या मुलाला सांगा: तो ब्लॉक काढ, वूकॉमर्सचीच साधी प्रॉडक्ट ग्रिड लाव, थंबनेलची, म्हणजे यादीतल्या छोट्या फोटोची, रुंदी ५४० कर आणि रिजनरेट थंबनेल्स हे प्लगिन चालवून जुन्या फोटोंच्या प्रती नव्याने बनव. हे शेवटचं विसरलात तर जुन्या साड्या जुन्याच मापात राहू शकतात. २५६० ची मर्यादाही परत चालू करू दे. मापांच्या यादीसोबत साइझेस नावाची एक माहिती असते, चौकट पडद्याचा किती भाग व्यापते ते तीत लिहितात. ती नसेल तर ब्राउझर धरून चालतो की फोटो अख्ख्या पडद्याभर आहे, आणि दुप्पट मोठी फाइल उचलतो. दोन साड्या एका ओळीत असतील तर तिथे पन्नास टक्के असंच असलं पाहिजे. मुलगा ‘यादी तर आहे ना’ म्हणेल, तरी ही ओळ त्याला दाखवायला लावा.

साडीच्या स्वतःच्या पानावर हिशेब वेगळा. तिथे फोटो पडद्याभर असतो, म्हणजे ३६० चे १०८०. तिथे १०८० ते १२०० रुंदी द्या, कारण पोत बघूनच बाई पैसे काढणार. झूमसाठी १५०० बाय २००० ची एक प्रत ठेवा, पण ती बोट लावल्यावरच उतरली पाहिजे. साइटवर चढवायचा सगळ्यात मोठा फोटो हाच. मूळ फाइल घरच्या डिस्कवर सांभाळा, साइट म्हणजे गोदाम नव्हे.

जाता जाता, छपाईवाले ‘वेबसाठी ७२ डीपीआय करा’ सांगतात ना, ते सोडून द्या. डीपीआय हा छापतानाचा आकडा आहे. ब्राउझर तो बघतसुद्धा नाही.

आता जरीकडे वळू, कारण तुमची तक्रार खोटी नाही, फक्त कारण वेगळं आहे. जेपेग फोटो दाबताना दोन गोष्टी करतो. एक, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील गाळतो. क्वालिटीचा आकडा यावर चालतो, आणि ७५ ते ८२ च्या दरम्यान कापडाचा पोत चांगला टिकतो. वर्डप्रेसचा स्वतःचा आकडा ८२ आहे. दुसरी गोष्ट लपलेली असते. उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा ठेवतो, पण रंग मात्र चार पिक्सेलमागे एकदाच नोंदवतो. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक जास्त कळतो, रंगातला कमी, म्हणून नव्वद टक्के फोटोंत ही चोरी पकडलीच जात नाही.

पकडली जाते ती लाल साडीत. तुमची ती लाल अंगाची, हिरव्या काठाची साडी घ्या. काठावरच्या चटाईच्या नक्षीत जरीची रेघ लहान फोटोत जेमतेम एक पिक्सेल जाडीची उरते. चार पिक्सेलचा रंग एकत्र कालवला की सोनेरी, लाल आणि हिरवा मिळून मातकट तपकिरी होतो. रेघ असते तिथेच, पण चमक गेलेली असते. क्वालिटी ९५ केली तरी काही प्रोग्रॅम रंगाची ही कपात तशीच ठेवतात, फाइल फुगते आणि रेघ मातकटच राहते. मग माणूस म्हणणारच की दाबलं की जर मरते.

उपाय सोपा आहे. स्क्वूश हे गूगलच्या क्रोम टीमचं फुकट टूल ब्राउझरमध्ये उघडा. फोटो कुठे अपलोड होत नाही, सगळं काम तुमच्याच संगणकावर होतं. मोझजेपेग (जेपेग बनवायचा प्रकार) निवडा, ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडा, क्रोमा सबसॅम्पलिंगची, म्हणजे रंगाच्या याच कपातीची, आपोआप निवड काढून टाका आणि आकडा १ करा. आता प्रत्येक पिक्सेलला आपला रंग मिळेल. फाइल थोडी वाढेल, क्वालिटी ७८ वर आणून ती वाढ भरून काढा. मधली रेघ डावी-उजवीकडे सरकवून आधीचा आणि नंतरचा काठ शेजारीशेजारी बघता येतो. हाताच्या काकणाला आरसा कशाला, एका लाल साडीवर करून बघा.

वेबपी घेताना इथेच फसगत होते. गूगलने २०१० मध्ये आणलेला हा फॉरमॅट जेपेगपेक्षा साधारण पाव ते तिसरा हिस्सा लहान फाइल देतो आणि सफारीने २०२० मध्ये तो स्वीकारल्यापासून सगळीकडे चालतो. पण त्याच्या नेहमीच्या प्रकारात रंगाची ही कपात बंदच करता येत नाही. शार्प वाययूव्ही नावाचा एक पर्याय असतो, त्याने कडा थोड्या सावरतात. फिकट, पांढऱ्या, मोतिया साड्यांना वेबपी उत्तम. लाल, राणी, डाळिंबी असेल तर पूर्ण रंगाचा जेपेग ठेवा किंवा एव्हिफ हा आणखी नवा फॉरमॅट वापरा, त्यात रंग पूर्ण ठेवता येतो. एव्हिफ क्रोममध्ये २०२० पासून आणि सफारीत २०२२ पासून आहे, म्हणजे फार जुन्या फोनसाठी जेपेगची प्रत मागे ठेवावी लागते. आणि आकड्यांना फसू नका: जेपेगचे ८० आणि एव्हिफचे ८० एक नव्हेत, एव्हिफमध्ये ५०-६० लाच काम भागतं. वर्डप्रेसमध्ये वेबपी ५.८ पासून आणि एव्हिफ ६.५ पासून थेट चढवता येतो.

एक अडचण राहते. वर्डप्रेस छोट्या प्रती स्वतः काढतो तेव्हा तुमचं रंगाचं सेटिंग पाळेलच असं नाही. म्हणून ज्या साड्या खरंच लाल-जरीच्या आहेत त्यांचा मुख्य फोटो १२०० रुंदीत हाताने बनवून चढवा आणि साडीच्या पानावर तोच मूळ मापात दाखवा. यादीतल्या छोट्या फोटोत थोडी चमक गेली तर जाऊ द्या, तिथे बाई फक्त रंग आणि काठ बघून पुढे सरकते.

चौकड्यांच्या साड्यांचा आणखी एक त्रास. बारीक चौकडा लहान करताना कापडावर लाटा उठल्यासारख्या दिसतात. तीन हजार पिक्सेलचा फोटो ब्राउझरला ५४० मध्ये कोंबायला लावला की हे हमखास होतं. आधीच लहान करून दिला, आणि लहान करताना स्क्वूशमधली लँक्झोस ही पद्धत ठेवली, तर लाटा बऱ्याच निवळतात. मूळ फोटोतच लाटा असतील तर इलाज नाही, फोन हातभर मागे घेऊन किंवा थोडा तिरका धरून पुन्हा काढा.

फोटो काढण्याचा विषय निघालाच आहे तर: रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत जे रवाळ दाणे येतात, ते दाबणाऱ्या प्रोग्रॅमला तपशीलच वाटतात. त्या कचऱ्यावर तो बाइट खर्च करतो आणि जरीला कमी पडतात. तीच साडी सकाळी गच्चीत सावलीला, साध्या भिंतीसमोर काढली तर त्याच क्वालिटीला फाइल लहान होते आणि दिसतेही छान. मागे फुलाफुलांचा पडदा असेल तर त्याचं ओझंसुद्धा गिऱ्हाईकच वाहतं.

रंग बदलून दिसतो, ‘फोटोत राणी होता, आली डाळिंबी’ म्हणून साडी परत येते, असंही तुम्ही लिहिलंय. यात काही वाटा फोटोचा असू शकतो. आयफोन डिस्प्ले पी ३ नावाच्या जास्त मोठ्या रंगपटात फोटो काढतो आणि तशी नोंद फाइलमध्ये ठेवतो. फाइल हलकी करायच्या नादात काही टूल ती नोंदच उडवतात, मग ब्राउझर रंग चुकीचे वाचतो आणि सगळं फिकट दिसतं. आधी फोटो एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपटात, बदला, मगच बाकीची माहिती काढा. ती काढायची मात्र नक्की, कारण तीत फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि तुम्ही घरून धंदा करता. तसंच आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये मोस्ट कंपॅटिबल निवडून ठेवा, नाहीतर एचईआयसी या आयफोनच्या नेहमीच्या फॉरमॅटची फाइल येईल आणि ती क्रोममध्ये उघडत नाही.

विणकरांच्या फोटोंचं काय? व्हॉट्सअ‍ॅप फोटो आधीच लहान करून, दाबून पाठवतं. तो तुम्ही परत दाबता, वर्डप्रेस तिसऱ्यांदा. दर वेळी ते ८ बाय ८ चे चौकोन जास्त उघडे पडतात. त्यांना सांगा, फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल येते. एकदा दाखवून दिलं की जमतं सगळ्यांना.

मुखपृष्ठाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तो पाच बॅनरचा सरकता स्लाइडर काढून टाका. दुसऱ्या बॅनरपर्यंत क्वचितच कुणी थांबतं, पण पाचही उतरवावे लागतात. एक चांगला फोटो ठेवा आणि ‘दिवाळी सवलत’ ही अक्षरं फोटोत न कोरता त्यावर साइटचा मजकूर म्हणून टाका. फोटोतली देवनागरी अक्षरं फोनवर मुंगीएवढी होतात, आणि ती स्वच्छ दिसावीत म्हणून फाइल फुगवावी लागते. गूगल बघतं ते मुख्यतः पडद्यावरचा सगळ्यात मोठा घटक किती वेळात दिसला हे, आणि ते अडीच सेकंदांच्या आत हवं. तुमच्याकडे तो घटक म्हणजे हा बॅनरच. म्हणून त्याला लेझी लोडिंग कधीही लावू नका. लेझी म्हणजे ‘जवळ आल्यावर बघू’, आणि हा तर समोरच उभा आहे. वेग वाढवणारी काही प्लगिनं सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लावतात आणि पान उलट मंद करतात. बॅनर साध्या इमेज टॅगमध्ये ठेवून त्याला फेचप्रायॉरिटी हाय (म्हणजे ‘हा आधी उतरव’) द्यायला सांगा. पहिल्या पडद्याखालच्या साड्यांना लेझी खुशाल असू दे.

प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहिलेली असली पाहिजे. नाहीतर फोटो येईल तसं पान खाली ढकललं जातं आणि बाई एका साडीवर बोट ठेवायला जाते तर दुसरीच उघडते. कॅशची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनने फोटो साठवून ठेवण्याची, मुदत वर्षभराची ठेवा, फोटो बदललात तर फाइलचं नावही बदला.

जुने सहाशे फोटो बघून हातपाय गाळू नका. स्क्वूशमध्ये एकेक बसत नाही करायचे. सीझियम नावाचं फुकट टूल आहे, अख्खा फोल्डर दिला की सगळ्यांचं माप आणि क्वालिटी एकदम बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. मुलाला कमांड चालवता येत असेल तर इमेजमॅजिक आहेच. सुरुवात मुखपृष्ठ आणि सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या पानापासून करा, विकून संपलेल्या साड्यांना हात लावू नका.

तपासताना स्वतःच्या फोनवर घरच्या वायफायवर तपासू नका, तुमच्या फोनमध्ये फोटो आधीच साठवलेले असतात. क्रोमच्या खासगी खिडकीत, नेटवर्कमध्ये स्लो ४ जी निवडून बघा, आणि घरात कुणाचा चार-पाच वर्षांचा जुना अँड्रॉइड फोन असेल तर मोबाइल डेटावर त्यात बघा. पेजस्पीडच्या पानावर वरच्या भागात खऱ्या वापरणाऱ्यांचे आकडे असतात ते मागच्या २८ दिवसांचे असतात, म्हणून काम केल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे काही हललं नाही तर मुलाशी भांडू नका. खालच्या भागातली चाचणी त्याच क्षणाची असते, फरक तिथे लगेच दिसेल. तिथेही बॅनर अडीच सेकंदांच्या वर राहिला तर त्या पानाची लिंक आणि नेटवर्कच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवा, मग सर्व्हरकडे बघू.